टॅबलेटमध्ये चिमणराव भरले म्हणून मराठी येत नाही

"प्रत्येक मुलाला टॅबलेट द्या, त्यात दूरदर्शनच्या जुन्या विनोदी मालिका भरा. मुलं हसत हसत आपोआप मराठी शिकतील, शिक्षक लागणार नाही." हा मेसेज माझ्या बहिणीच्या जिल्हा परिषद शाळेतल्या पालकांपर्यंत पोचला आणि आता तिला रोज विचारतात, वर्गणी कधी काढायची?

सगळा घात त्या "आपोआप"मध्ये आहे. पेरूने मुलांना लॅपटॉप वाटून असंच काहीसं करून पाहिलं. इंटर-अमेरिकन डेव्हलपमेंट बँकेच्या 2012 च्या अभ्यासात 319 ग्रामीण प्राथमिक शाळा होत्या. मुलामागे संगणकाचं प्रमाण 0.12 वरून 1.18 वर गेलं, लॅपटॉपमध्ये दोनशेच्या आसपास पुस्तकंही भरलेली होती. तरी गणित आणि भाषेच्या गुणांत फरक आढळला नाही. सामान्य बौद्धिक क्षमतेच्या चाचण्यांत मुलं थोडी पुढे गेली, हे खरं. पण मेसेज भाषेचं आश्वासन देतोय!

'चिमणराव-गुंड्याभाऊ'च घ्या. दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे उत्तमच. पण चिं. वि. जोशींचं ते जुनं पुणेरी घर, ती नाती, ते शब्द आजच्या पाचवीच्या मुलाला परके आहेत. शब्द अडला की विनोद हुकतो, आणि टॅबलेटवरचं मूल पुढचं काहीतरी लावतं. शिवाय चाळीस टॅबलेट एकदम वाजले तर कुणालाच संवाद ऐकू येत नाही. हेडफोन दिले तर वर्गाचं एकत्र हसणं जातं.

एकच पडदा पुरतो. तीन मिनिटांचा प्रसंग निवडा. अडणारे पाच-सहा शब्द आधी फळ्यावर लिहून समजावा. एकदा सलग दाखवा. दुसऱ्यांदा उत्तराच्या आधी थांबवून विचारा, "आता हा काय म्हणेल?" मग दोन मुलांना तोच संवाद म्हणायला लावा. भाषा इथे येते, आणि कुठे थांबायचं ते शिक्षकालाच कळतं.

मेसेजमध्ये दिलेला संशोधक एडिसनचा दाखला तर उलटाच पडतो. सिनेमामुळे शाळांतून पुस्तकं लवकरच जातील, असं तो 1913 मध्ये म्हणाला होता. गेली का?

वर्गात मालिका दाखवणं बेकायदा नाही, हे मेसेजमधलं बरोबर आहे. कॉपीराइट कायद्याचं कलम 52 तशी मुभा देतं. पण तुकडे कापून शाळेच्या यूट्यूबवर चढवणं त्यात बसत नाही.

वर्गणी काढायचीच तर एका बऱ्या स्पीकरपुरती काढा. जुन्या रेकॉर्डिंगमधले संवाद पंख्याच्या आवाजात बुडतात. स्पीकर मुलांच्या कानाच्या उंचीवर ठेवा आणि तेवढी तीन मिनिटं पंखे बंद करा.