‘पुस्तकी सल्ला’ म्हणणाऱ्या वाचकास उत्तर

इंजिन ऑईल कसं निवडावं, या माझ्या लेखावर एवढी लांबलचक प्रतिक्रिया लिहिलीत, त्याबद्दल आभार. पण “हा सगळा पुस्तकी सल्ला आहे, एकदा हात काळे करा आणि मग लिहा,” ही तुमची सुरुवातच मला खटकली. मतभेद असू द्या की! पण ज्याला तुम्ही कधी पाहिलं नाही, त्याचे हात स्वच्छ आहेत हे कुणी सांगितलं तुम्हाला?

मी तरुणपणी गॅरेजमध्ये राबलोय. सम्प (इंजिनाखालचं ऑईलचं भांडं) उतरवलेत, क्रँकशाफ्टची (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याची) बेअरिंगं हातात घेऊन त्यांवरच्या चऱ्यांवर नख फिरवलंय. लिहायला लागलो ते त्यानंतर. तेव्हा हा टोमणा दुसऱ्या कुणासाठी राखून ठेवा.

आता तुमचं मुख्य वाक्य: “टर्बो गाडीत जितकं जाड ऑईल, तितकं इंजिन सुरक्षित.” (टर्बो म्हणजे इंजिनात जास्तीची हवा दाबून भरणारा पंखा.) हे मी गॅरेजमध्येही ऐकत आलोय, आणि तिथेही ते असंच दरडावून सांगितलं जायचं. जाड ऑईल घातलं की प्रेशरचा काटा वर चढतो आणि मालक निर्धास्त होतो. पण काटा चढतो तो ऑईलला वाट काढणं जड जातंय म्हणून. बेअरिंगला ऑईल जास्त मिळतंय, असा त्याचा अर्थ होत नाही. इंजिन थंड असताना तर रिलीफ व्हॉल्व्ह (जास्तीचा दाब सोडणारी झडप) उघडून बरंचसं ऑईल मागेच वळतं, आणि फिल्टरचा बायपास (फिल्टर टाळून जाणारी वाट) उघडला तर न गाळलेलं ऑईल पुढे जातं. व्हेरिएबल व्हॉल्व्ह टायमिंग, म्हणजे इंजिनाच्या झडपा उघडण्याची वेळ बदलणारी यंत्रणा, बहुतेक गाड्यांत ऑईलच्याच दाबावर चालते. ऑईल दाट झालं की तीही सुस्तावते.

टर्बो इंजिनासाठी बघायचा आकडा वेगळाच आहे: एचटीएचएस. म्हणजे १५० अंश सेल्सिअसला, ऑईलचा पातळ थर जोरात रगडला जात असताना त्यात उरलेला दाटपणा. साध्या ३० ग्रेडला (ग्रेड म्हणजे डब्यावरचा दाटपणाचा आकडा) तो २.९ मिलिपास्कल-सेकंद असला तरी चालतो. एसीईए या युरोपीय वाहन उत्पादकांच्या संघटनेच्या ए३/बी४ मानकात मात्र किमान ३.५ लागतो. म्हणजे दोन्ही डब्यांवर ५डब्ल्यू-३० (पहिला आकडा थंडीतल्या वाहण्याचा, दुसरा तापल्यावरच्या दाटपणाचा) लिहिलेलं, पण बेअरिंगपाशी दोन वेगळी ऑईलं! म्हणूनच मी लेखात ग्रेडच्या आधी मॅन्युअलमधलं स्पेसिफिकेशन बघा म्हटलं होतं. बीएमडब्ल्यूने ई४६ एम३ ला १०डब्ल्यू-६० सांगितलं, निस्सानने आर३५ जीटी-आरला ०डब्ल्यू-४०. टर्बो यांतल्या दुसरीत आहे, पहिलीत नाही. तुमच्या नियमाने हे नेमकं उलट व्हायला हवं होतं. फटी किती, पंप केवढा, ऑईल किती तापतं, हे इंजिन बनवणाऱ्याने मोजलेलं असतं. तुम्ही मोजलंय?

एक मान्य करतो. ट्रॅकवर सतत तापणाऱ्या गाडीला, मॅन्युअलमध्ये मुभा असेल तर, एक ग्रेड वर जाणं योग्य ठरू शकतं. ते मी एका ओळीत उरकलं होतं.

झिंक (ऑईलमधला झीज रोखणारा घटक), ऑईल बदलायचं अंतर, एलएसपीआय (कमी वेगात इंधन वेळेआधीच पेटणं) हे बाकीचे मुद्दे लेखात आलेले आहेत. नीट वाचलंत तर सापडतील. आणि “कंपनीचे पैसे खाल्लेत” याबद्दल: त्या लेखात मी ऑईलच्या एकाही ब्रँडचं नाव घेतलेलं नाही. हे वाक्य तुम्ही मागे घ्यावं, अशी माझी अपेक्षा आहे.

यापुढे लिहायचं असेल तर गाडीचं मॉडेल आणि मॅन्युअलमध्ये ऑईलबद्दल जे छापलंय ते जसंच्या तसं लिहा. त्याशिवाय जाड की पातळ, यावर मी बोलणार नाही.