रिपोर्टच्या खालची बारीक ओळ

आज सकाळी पावणेसातला बेल वाजली. चहा अजून गॅसवरच होता. दारात समोरच्या बिल्डिंगमधला मुलगा, डोळे तांबारलेले, हातात मोबाइल. "ताई, आईचं पोटॅशियम ६.८ आलंय. रात्रभर झोपलो नाही."

फुल बॉडी पॅकेजचा रिपोर्ट, रात्री साडेअकराला आलेला. आकड्याशेजारी लाल बाण. याने मोबाइलवर शोधाशोध केली, "हृदय बंद पडू शकतं" एवढं वाचलं आणि घरातली केळी, शहाळी खाली कचऱ्यात टाकून आला. वर आईची बीपीची गोळीही बंद केली. स्वतःच. डॉक्टरला फोन नाही, काही नाही.

माझं डोकंच सटकलं. अरे, पोटॅशियम खरंच ६.८ असेल तर जीवावर बेततं. रात्रीच कॅज्युअल्टीत न्यायचं, ईसीजी काढायचा. केळी फेकून काय होणार होतं? (टेल्मिसार्टनसारख्या बीपीच्या गोळीने पोटॅशियम वाढू शकतं, मान्य. पण ती थांबवायची की नाही हे डॉक्टर ठरवणार, तू नाही.)

मग रिपोर्ट खाली सरकवला. अगदी तळाला, मुंगीएवढ्या अक्षरात एक ओळ होती : सॅम्पल हिमोलाइज्ड. म्हणजे ट्यूबमध्ये लाल पेशी फुटलेल्या. या पेशींच्या आत बाहेरच्यापेक्षा वीस पटीहून जास्त पोटॅशियम असतं. पेशी फुटली की ते सगळं सीरममध्ये, म्हणजे रक्ताच्या वरच्या पाण्यात, उतरतं आणि मशीन इमानदारीने मोजून देतं. मशीनचं काही चुकत नाही. पण तो आकडा ट्यूबचा असतो, काकूंचा नाही.

आणि ही ओळ बघून मला नेहमीसारखे आमचे अण्णा आठवले.

अण्णा म्हणजे माझे सासरे. काही वर्षांपूर्वी, ऐन डेंग्यूच्या दिवसांत त्यांना ताप आला. तालुक्याच्या एका लॅबमधून रिपोर्ट आला, प्लेटलेट ३८ हजार. घरात रडारड. रात्री दहाला गाडी काढली, कोल्हापूरच्या वाटेला लागलो. मागच्या गाडीत रक्त द्यायला निघालेली चार पोरं. अण्णा मागच्या सीटवर मफलर गुंडाळून बसलेले, दर दहा मिनिटांनी विचारायचे, "माझं काही दुखत नाही, मग आपण चाललोय कुठं?"

तिथे रात्रपाळीला एक जुने टेक्निशियन होते. त्यांनी आकड्याकडे बघितलंसुद्धा नाही. काचेवर थेंब ओढला, रंगवला आणि मायक्रोस्कोपखाली घातला. मग मला बोलावून म्हणाले, "ये, बघ." स्मिअरच्या शेपटीकडे प्लेटलेटचे घोसच्या घोस, द्राक्षासारखे. जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये रक्त गोठू नये म्हणून ईडीटीए असतं, काहींच्या प्लेटलेट त्यात एकमेकींना चिकटतात. मशीन तो घोस प्लेटलेट म्हणून मोजतच नाही. त्यांनी निळ्या झाकणाच्या, सायट्रेटच्या ट्यूबमध्ये पुन्हा रक्त घेतलं, आलेला आकडा १.१ ने गुणला (सायट्रेटच्या पाण्याने रक्त थोडं पातळ होतं म्हणून). १ लाख ८० हजार.

आता लाज वाटणारी गोष्ट सांगते. मी स्वतः तेव्हा चौदा वर्षं लॅबमध्ये काम करत होते. रोज हाताखालून शंभर ट्यूब जायच्या. तरी त्या रात्री "स्लाइड बघितली का?" एवढा प्रश्न मला सुचला नाही. घरच्या माणसाचा आकडा आला की शिकलेलं सगळं पाण्यात जातं.

म्हणून त्या पोरावर ओरडले आणि मग वाईटही वाटलं. तो तरी काय करणार? लाल बाण ठळक अक्षरात, आणि कामाची ओळ मुंगीएवढी. त्याला हे वाचायला शिकवलं कोणी?

पण पॅकेजवाल्यांवरचा राग काही जात नाही. नॉर्मल रेंज म्हणजे काय, तर साधारणपणे निरोगी माणसांपैकी ९५ टक्के ज्यात बसतात ती. उरलेल्या पाचांना काही रोग नसतो. आता एकमेकांशी संबंध नसलेल्या वीस तपासण्या करा, धडधाकट माणसालाही एखादा बाण लागण्याची शक्यता ६४ टक्के. आणि हे विकतात सत्तर-ऐंशी तपासण्या, वर डिस्काउंट! बाण नाही आला तरच नवल.

विडालचं तर बोलूच नका. ताप आला की विडाल, जरा वर दिसली की टायफॉइड, लगेच सलाइन. जुन्या तापानेही, दुसऱ्याच तापानेही ती वर दिसते. ब्लड कल्चर करा, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून बघा, म्हटलं तर "एवढे दिवस कोण थांबणार?"

हो, शंभर पेशंटची ओपीडी असलेल्या डॉक्टरला प्रत्येक रिपोर्टची तळओळ वाचायला वेळ नसतो, कळतं मला. तरी नमुना खराब होता तर लॅबने तो नाकारून पुन्हा मागवायचा होता. आकडा छापून खाली माफीनामा जोडायचा, ही कुठली रीत?

काकूंना घेऊन दवाखान्यात गेलो. ईसीजी ठीक निघाला. रक्त मीच घेतलं. दंडाची पट्टी फार वेळ आवळली नाही, मूठ उघडझाप करू दिली नाही (त्यानेही पोटॅशियम वाढतं), ट्यूब हलक्या हाताने उलटीसुलटी केली आणि लगेच सेंट्रीफ्यूजला लावली. ४.३.

काकू खुर्चीत पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. म्हणाल्या, "मला काही होत नव्हतं गं, हाच घाबरला." अगदी अण्णांचा सूर.

डॉक्टरांनी गोळी चालू ठेवायला सांगितलं.

आत्ता रात्री नऊला त्याच मुलाचा मेसेज आलाय. त्याच रिपोर्टचा दुसरा फोटो, एमसीएचसी (लाल पेशींमधल्या हिमोग्लोबिनचं प्रमाण) ३१.२, रेंज ३१.५ पासून पुढे, शेजारी लाल बाण. खाली तीन प्रश्नचिन्हं. मी एवढंच लिहिलं, "काकूंनी बीपीची गोळी घेतली का?"

दोन निळ्या टिका दिसतायत. उत्तर नाही अजून.