ऑटोव्हॅक्यूम बंद करा म्हणे!

'डेटाबेस दहापट फास्ट करण्याचे चार उपाय' ही पोस्ट ग्रुपांवर फिरतेय. टीममध्ये नुकत्याच आलेल्या मुलीने ती मला पाठवली आणि खाली विचारलं, "आज रात्री प्रॉडक्शनवर करून टाकू?" नको गं बाई, प्रॉडक्शन म्हणजे लोक प्रत्यक्ष वापरतायत तो सर्व्हर!

उपाय पहिला: पोस्टग्रेस या डेटाबेसमधला ऑटोव्हॅक्यूम बंद करा, तो सर्व्हर खातो. चारातला हा सगळ्यात घातक. पोस्टग्रेसमध्ये अपडेट केलं की ओळीची नवी प्रत लिहिली जाते, जुनी मरून तिथेच पडून राहते. ती जागा पुन्हा वापरण्याजोगी करणं हे ऑटोव्हॅक्यूमचं काम. तो बंद केला की सुरुवातीला डिस्कवरचा ताण उतरतो, ग्राफ छान दिसतो आणि पोस्ट लिहायला विषय मिळतो. मग टेबल फुगायला लागतं. ऑटो-अ‍ॅनालाइझही (टेबलाची आकडेवारी गोळा करणारं काम) त्याच्याबरोबरच बंद पडतं, म्हणजे क्वेरी कशी चालवायची ते ठरवणारा प्लॅनर शिळ्या आकडेवारीवर प्लॅन बनवतो.

शिवाय तो खऱ्या अर्थाने बंद होतच नाही. पोस्टग्रेसच्या अधिकृत डॉक्युमेंटेशनमध्ये हे स्पष्ट लिहिलंय, पण वाचतो कोण? ट्रान्झॅक्शन आयडी, म्हणजे बदल करणाऱ्या प्रत्येक व्यवहाराचा क्रमांक, 32 बिटांचा असतो, साधारण 200 कोटींनंतर जुनं-नवं उलटंपालटं होण्याचा धोका. म्हणून टेबलाचं वय (त्यातल्या सगळ्यात जुन्या आयडीपासून मोजलेलं) 20 कोटी ट्रान्झॅक्शन्सच्या पुढे गेलं की सेटिंग काहीही असो, व्हॅक्यूम सुरू होतो. तोही फुगलेल्या टेबलावर, ऐन गर्दीत आला तरी त्याला घेणंदेणं नाही, आणि एरवीसारखा दुसऱ्याच्या लॉकसाठी (टेबलाच्या ताब्यासाठी) बाजूलाही होत नाही. तोही अडकून राहिला तर शेवटी सर्व्हर नवीन काही लिहून घ्यायलाच नकार देतो.

खरा त्रास ऑटोव्हॅक्यूम फार उशिरा येतो हा आहे. डीफॉल्ट स्केल फॅक्टर (टेबलाचा किती हिस्सा मेला की यायचं ते प्रमाण) 0.2, म्हणजे 10 कोटी ओळींच्या टेबलात 2 कोटी मेलेल्या ओळी साचेपर्यंत तो फिरकत नाही. त्या एका टेबलापुरता 0.01 करून बघा.

दुसरा: रोज रात्री व्हॅक्यूम फुल, म्हणजे अख्खं टेबल नव्याने लिहून काढणं. टेबलावर अ‍ॅक्सेस एक्सक्लुझिव्ह लॉक लागतो, साधा सिलेक्ट, म्हणजे नुसतं वाचणंही खोळंबतं. रोज? कशाला?

तिसरा: प्रत्येक कॉलमवर इंडेक्स (शोध लवकर लागावा म्हणून ठेवलेली वेगळी सूची). मग प्रत्येक इन्सर्टला तेवढ्या ठिकाणी लिहायचं. पोस्टग्रेसच्या पीजी_स्टॅट_यूजर_इंडेक्सेस या यादीत स्कॅनचा आकडा शून्य असलेले आधी शोधा (रेप्लिकावर, म्हणजे डेटाबेसच्या दुसऱ्या प्रतीवरही बघा, आणि डुप्लिकेट रोखणाऱ्या युनिक इंडेक्सना हात लावू नका).

चौथा: मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसमध्ये इंडेक्सचं फ्रॅगमेंटेशन (विस्कळीतपणा) 30 टक्क्यांवर गेलं की रीबिल्ड, म्हणजे इंडेक्स नव्याने बांधा. हा आकडा ज्यांनी दिला त्या, पूर्वी मायक्रोसॉफ्टमध्ये एसक्यूएल सर्व्हरवर काम केलेल्या पॉल रँडल यांनीच तो अंदाजाने ठरवल्याचं नंतर सांगितलंय. पण रीबिल्डनंतर क्वेरी सुधारते हा अनुभव खोटा नाही, एवढं मान्य करावं लागेल. बहुतेक वेळा ती सुधारते कारण रीबिल्ड जाता जाता त्या इंडेक्सचे स्टॅटिस्टिक्स (प्लॅनरला लागणारी आकडेवारी) पूर्ण स्कॅनने ताजे करतो. मग आधी नुसतं अपडेट स्टॅटिस्टिक्स चालवा. पोस्टग्रेसचा रीइंडेक्स (तिथला रीबिल्ड) तेवढंही करत नाही, तिथे अ‍ॅनालाइझ वेगळं चालवावं लागतं.