उपासनेला नवजीवन द्यायचंय? आधी साउंडबॉक्स घ्या

तुमच्या चर्चच्या मंडळीतली उपासना मरगळलीय, पोरं मागच्या बाकावर मोबाइल चाळतात आणि प्रवचन सुरू झालं की निम्मी कमिटी पेंगते, हे तुम्हाला खुपतंय ना? मग उशीर कशाला? जालन्याहून दोन मोठे साउंडबॉक्स आणा. उपासनेचा हरवलेला अर्थ त्यातूनच बाहेर पडतो.

टाळ, डफ, पेटी कोठीत टाका. नारायण वामन टिळकांनी ख्रिस्त अभंगांत आणि भजनांत आणला खरा, पण ते 1919 सालीच गेले. एवढ्या जुन्या माणसाचं काय घेऊन बसायचं? ती भजनं तोंडपाठ असलेल्या म्हाताऱ्यांना खांबामागं बसवा. पुढं चौघं डोळे मिटून, हात वर करून गायला लागले की बाकीच्यांनी गायलंच पाहिजे असं नाही.

कॅथलिकांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं 1963 साली सांगितलं, की उपासनेत सगळ्या लोकांचा पूर्ण, जाणता, सक्रिय सहभाग हवा. लॅटिन मिस्सा मराठीत आली ती त्यामुळंच. (आम्ही प्रॉटेस्टंट, आम्हाला हे 400 वर्षं आधीच कळलं होतं, हे चहाच्या वेळी जरूर ऐकवा.) आपल्याकडं सहभाग म्हणजे व्हिडिओ काढणं.

उपासनाविधीला म्हणतात तो 'लिटर्जी' हा मुळात ग्रीक शब्द. अथेन्सचा श्रीमंत माणूस पदरचा पैसा घालून गावाचं काम उचलायचा, त्याला तसं म्हणत. ती परंपरा आपण जिवंत ठेवलीय: पंख्याच्या तिन्ही पात्यांवर देणगीदाराचं नाव आहे. पंखा फिरला की वाचता येत नाही, म्हणून तो बंदच असतो.

प्रभुभोजनाचा मात्र फार विचार करू नका. जस्टिन नावाच्या हुतात्म्यानं सन 150च्या सुमारास रविवारची उपासना लिहून ठेवलीय: वाचन, उपदेश, प्रार्थना, भाकर आणि द्राक्षारस, मग जे येऊ शकले नाहीत त्यांचा वाटा त्यांच्यापर्यंत न्यायचा, आणि अर्पण अनाथ, विधवा, आजारी, बंदिवान यांच्यासाठी वापरायचं. हे आपल्याला कसं परवडणार? आपले गैरहजर कुठं असतात ठाऊक आहे ना? दसरा झाला की ऊसतोडीला. कुणी कोल्हापूरकडं, कुणी पार कर्नाटकात, फडाशेजारच्या कोपीत. नाताळ तिकडंच, आणि हंगाम लांबला तर उत्तम शुक्रवारही (गुड फ्रायडे). त्यांचा वाटा पोचवायचा तर डिझेल कोण घालणार? प्रेषित पौलानं करिंथकरांना लिहिलं, जेवायला जमाल तेव्हा एकमेकांसाठी थांबा. पण पौलानं मुकादमाकडून आगाऊ पैशांची उचल कुठं घेतली होती? तुम्ही सरळ वर्गणी थकली म्हणून त्यांची नावं सभासद यादीतून काढा. यादी सुटसुटीत होते, आणि कमिटीची निवडणूकही.

एक अडचण राहते. तिसऱ्या गाण्याला लाइट जाते. पडदा काळा पडतो, कीबोर्ड गप्प होतो आणि पुढचं कडवं चौघांपैकी एकालाही येत नाही. अशा वेळी खांबामागून एखादी म्हातारी सुरुवात करते आणि आख्खं देऊळ तिच्यामागं गायला लागतं. हे होऊ देऊ नका. तिला खुणेनं थांबवा आणि जनरेटरसाठी थैली फिरवा.