तीन आठवड्यांत गाडीच्या एसीचा गॅस गेला, या तक्रारीला उत्तर

नमस्कार. आमच्या गॅरेजने १,८०० रुपये घेऊन गॅस भरला, पहिल्या दिवसापासून सिग्नलला थांबलं की गरम हवा, तीन आठवड्यांत कूलिंग पूर्ण बंद, आणि आता दुसरीकडे कंप्रेसर बदलायला सांगतात, असं तुम्ही लिहिलंय. आमचं काम अर्धवट झालं, हे मान्य.

एसीचा गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. कमी झाला म्हणजे कुठून तरी गळतोय. त्या दिवशी भरण्याआधी, इंजिन बंद असताना गेजवर ४५ पीएसआय (दाब मोजायचं एकक) होतं. सिस्टीममध्ये थोडा जरी गॅस द्रवरूपात उरला असता, तरी ३० अंशांना आर-१३४ए (गाडीच्या एसीतला गॅस) चा काटा ९५-१०० च्या आसपास दिसला असता. ४५ म्हणजे जवळजवळ सगळा गेलेला. तिथेच थांबून गळती शोधायला हवी होती. आम्ही व्हॅक्यूम केलं (पंपाने आतली हवा ओढून काढली), काटा दहा मिनिटं हलला नाही, म्हणून गॅस सोडला. पण व्हॅक्यूममध्ये दाबाचा फरक असतो जेमतेम १४-१५ पीएसआय, आणि चालू एसीत कंडेन्सरवर (गाडीच्या पुढच्या बाजूची, गॅस थंड करणारी जाळी) २०० सहज असतात. बारीक भोक व्हॅक्यूमला कळत नाही.

आता कोरडा नायट्रोजन १५० पीएसआयपर्यंत भरून अर्धा तास ठेवू आणि साबणाच्या फेसाने सगळे जोड, सर्व्हिस व्हॉल्व्हच्या (जिथून गॅस भरतात) पिना, कंप्रेसरचं पुढचं सील तपासू. (टायरची हवा यासाठी वापरायची नसते, तिच्यात ओल असते.) गाडी १५ वर्षं रत्नागिरीच्या खाऱ्या हवेत आहे, त्यामुळे पहिला संशय कंडेन्सरच्या खालच्या कोपऱ्यावर. तिथे चिखल साचून ॲल्युमिनियम खाल्लं जातं. गळती असेल तिथली धूळ तेलकट दिसते. कंडेन्सर ठीक निघाला तर कूलिंग कॉइल (डॅशबोर्डमागची, आतली हवा गार करणारी) बघायची. तिच्यासाठी डॅशबोर्ड उतरवावा लागतो, गाडी दिवसभर ठेवावी लागेल.

सिस्टीम उघडली की ड्रायर (ओल शोषणारा भाग) आणि ओ-रिंगा (जोडांतल्या रबरी रिंगा) नव्याच टाकायच्या, गेलेलं पॅग ऑइल (कंप्रेसरचं तेल) मोजून भरायचं, ४५ मिनिटं व्हॅक्यूम, मग बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेत तेवढेच ग्रॅम, वजनकाट्यावर तोलून. गळती बुजवणारं लिक्विड मात्र कुणी सुचवलं तरी टाकू देऊ नका, ते एक्सपान्शन व्हॉल्व्हमध्ये (कूलिंग कॉइलआधीच्या बारीक वाटेत) अडकतं.

सिग्नलचा त्रास वेगळा आहे. गाडी चालताना गार आणि उभी असताना गरम, म्हणजे बहुतेक कंडेन्सरचा पंखा फिरत नाही: रिले (पंख्याला वीज देणारा स्विच), नाहीतर मोटरचे कार्बन ब्रश. पंखाच फिरत नसेल तर हाय साइड (कंप्रेसरनंतरचा, जास्त दाबाचा भाग) ३०० पीएसआयच्या वर चढते आणि कूलिंग पडतं. अशा वेळी कंडेन्सरवर पाणी मारल्याबरोबर हवा गार झाली तर खात्रीच. हे आम्ही गाडी उभी ठेवून बघायलाच हवं होतं.

कंप्रेसर इतक्यात बदलू नका. गॅस कमी असताना त्याची परीक्षा होत नाही. पूर्ण वजनाने गॅस भरल्यावर, पंखा चालू असतानाही लो साइड (कंप्रेसरआधीचा, कमी दाबाचा भाग) ७० आणि हाय साइड १२०-१३० वरच अडकली, तर कंप्रेसर गेला असं मीच सांगेन.

१,८०० रुपये परत करतो. तपासणी, मजुरी आणि नवा गॅस आमच्याकडून. पार्ट बदलावा लागला तर त्याची किंमत आधी कळवू, जुना पार्ट तुमच्या हातात देऊ. रविवार सोडून कधीही सकाळी ९ ला आणा. इंजिन थंड असताना पहिलं रीडिंग घ्यायचंय.