सागरी तंत्रज्ञानाच्या प्रदर्शनाला जाताना सांगलीकरांनी घ्यावयाची काळजी

मुंबईत सागरी तंत्रज्ञानाचं प्रदर्शन भरलंय आणि उद्योजकांच्या शिष्टमंडळात तुमचं नाव लागलंय, तर आधी अभिनंदन. कुपवाड एमआयडीसीत तुमची फौंड्री आहे आणि समुद्र तुम्ही गणपतीपुळ्याला गुडघाभर पाण्यात उभं राहून पाहिलाय, याची लाज बाळगू नका. देशाला त्सुनामीचा इशारा देणारं ‘इन्कॉइस’ हे केंद्र हैदराबादेत आहे. तिथल्या गच्चीवरून कुठल्याच बाजूला समुद्र दिसत नाही, तरी मासे कुठं सापडतील हे मच्छीमारांना तिथूनच कळवलं जातं. तेव्हा ‘सांगलीचा नि समुद्राचा काय संबंध?’ असं कुणी विचारलंच, तर ‘इन्कॉइस’ एवढंच म्हणून पुढं सरका.

गळ्यातल्या बिल्ल्यावर हुद्दा विचार करून लिहा. ‘भागीदार’ लिहिलंत तर कुणी ढुंकून बघणार नाही. ‘खरेदी प्रमुख’ लिहिलंत तर खुर्ची मिळते, कॉफी मिळते आणि पुढं कैक महिने नॉर्वेहून मेल येत राहतात.

आत शिरल्यावर आधी पिशवी. चांगल्या जाड कापडाची, पुढं देवमाशाचं चित्र असलेली बघून घ्या, कारण बाकीच्या पिशव्या तिच्यातच कोंबायच्या असतात.

मग यंत्रं. काचेच्या टाकीत पिवळा रोबो फिरत असतो. त्याला वायर असेल तर आरओव्ही, नसेल तर एयूव्ही. एवढ्या ज्ञानावर अख्खा दिवस निघतो. शेजारी आर्गो फ्लोट नावाची उंच नळी उभी असेल. ती समुद्रात १००० मीटर खोलीवर वाहत राहते, दर १० दिवसांनी २००० मीटरपर्यंत बुडी मारते आणि वर येता येता पाण्याचं तापमान नि क्षारता मोजून उपग्रहाला कळवते. समोरचा पोरगा हे जीव तोडून सांगत असताना मान हलवत राहा. त्याचं संपलं की विचारा, ‘सबसिडी आहे का?’

‘मत्स्य ६०००’ची प्रतिकृती दिसली तर सेल्फी घ्या. तीन माणसं पोटात घेऊन ६००० मीटर खाली जाण्यासाठी केलेली ही आपली पाणबुडी. दर १० मीटरला एका वातावरणाएवढा दाब वाढतो, म्हणजे तिथं तळाशी सुमारे सहाशे पट. फौंड्रीवाल्या माणसाची जीभ इथं वळवळते: टायटॅनियमच्या गोळ्याची जाडी किती, जोड कसा दिला, तपासला कसा? आवरा. तुम्हाला धातूतलं कळतं हे उघड झालं, तर पुढच्या वर्षी संघटना तुम्हालाच भाषण करायला लावेल.

खरा धोका मात्र मागच्या कोपऱ्यात आहे, जिथं गर्दी नसते. तिथं एडीसीपी नावाचं एक डबडं ठेवलेलं असतं. ते पाण्यात आवाज सोडतं. तो गाळाच्या कणांवर आपटून परत येतो, आणि येताना त्याच्या कंपनात जो फरक पडतो त्यावरून कुठल्या थरातलं पाणी किती वेगानं चाललंय ते समजतं. समुद्रात चालतं तसं नदीतही चालतं. हे ऐकलंत की आपला कृष्णेवरचा आयर्विन पूल आठवणार! ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका, आणि २०१९ साली ५७ च्याही वर गेलेलं पाणी. मग तोंडून निसटणार, ‘अहो, पुराच्या गढूळ पाण्यात हे टिकतं का? ओंडका येऊन आदळला तर?’

झालं. सकाळपासून माश्या मारत बसलेला तो इंजिनिअर ताडकन उठेल, खुर्ची पुढं करेल, लॅपटॉप उघडेल. तुमचं जेवणाचं कूपन वाया जाईल. वर गावी येऊन निवेदन द्या, ठराव करा, साहेब बदलले की नव्या साहेबांना पहिल्यापासून सांगा. कुणी सांगितलाय हा उद्योग? पाण्याची पातळी आपल्याला व्हॉट्सॲपवर तासातासाला मिळतेच. कधी एकाच वेळी दोन आकडे येतात, मग आपल्याला आवडेल तो धरायचा.

त्यापेक्षा परिसंवादाच्या हॉलमध्ये बसा. एसी असतो, अंधार असतो आणि ‘ब्लू इकॉनॉमी’ हे शब्द ऐकताना फार छान डोळा लागतो.

परतल्यावर अहवाल द्यावा लागतो. ‘विविध दालनांना भेटी देऊन सकारात्मक चर्चा केली’ एवढं वाक्य पुरतं. सोबत फोटो हवा. तो हललेला आला असेल, तर मागं झालेल्या पंपांच्या प्रदर्शनातला जोडा. शिष्टमंडळात माणसं तीच होती.