‘डी-जे जोडणी झाली की बी पेशी ठरली’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमचा मुद्दा असा की, बी पेशी (प्रतिपिंडं बनवणारी रोगप्रतिकारक पेशी) घडताना प्रतिपिंडाच्या जड साखळीच्या जनुकातले डी आणि जे तुकडे जोडले गेले की डीएनए कायमचा बदलतो. मग ती पेशी बी झालीच, पॅक्स५ची, म्हणजे बी वंश पक्का करणाऱ्या नियंत्रक प्रथिनाची, वाट कशाला पाहायची?

डीएनए बदलतो हे खरं, पण त्याने पेशीची वाट ठरत नाही. थायमसमधल्या टी पेशींतही ही डी-जे जोडणी सापडते. उलट ही जोडणी घडवणारं रॅग जनुक नसलेल्या उंदरात एकही जोडणी होत नाही, तरी त्याच्या अस्थिमज्जेतल्या प्रो-बी पेशी (बी पेशींची सुरुवातीची अवस्था) सीडी१९ ही पृष्ठभागावरची खूण दाखवतात आणि बी वंशाशी बांधलेल्या असतात.

१९९९मध्ये पॅक्स५ नसलेल्या प्रो-बी पेशींवरचे प्रयोग प्रसिद्ध झाले, ते नेमके तुमच्या प्रश्नाचं उत्तर आहेत. आयएल-७ हा वाढघटक आणि आधारपेशींचा थर दिला की या पेशी नुसत्या वाढत राहतात. आयएल-७ काढून एम-सीएसएफ हा दुसरा वाढघटक घाला, मॅक्रोफेज (भक्षक पेशी) तयार होतात. टी पेशी नसलेल्या उंदरात सोडा, टी पेशी होतात. आणि एकाच पेशीच्या वंशातून (क्लोनपासून) वाढवलं असेल, तर या नव्या पेशींत मूळ डी-जे सांधा जसाच्या तसा सापडतो. खूण बी पेशीची, काम भलतंच!

तुमच्या बी२२० पॉझिटिव्ह (बी२२० ही पृष्ठभागावरची खूण असलेल्या) पेशींतून पॅक्स५ शाबूत असतानाही मॅक्रोफेज निघाले, याचं मला नवल नाही. बी२२० प्लाझ्मासायटॉइड डेंड्रिटिक पेशींवरही (या बी पेशी नव्हेत) असतं आणि अजून न ठरलेल्या प्री-प्रो-बी पेशींवरही. सीडी१९ मात्र थेट पॅक्स५च्या हुकमावर चालतं, म्हणून दोन्ही खुणा पाहून पेशी वेगळ्या काढा (सॉर्ट करा). शिवाय एका वेलमध्ये (प्लेटच्या खळग्यात) एकच पेशी ठेवा. घोळक्यात चुकून आलेली एखादी पूर्वज पेशी भराभर वाढते आणि सगळ्या वेलचा निकाल फिरवते. थर ओपी९ या आधारपेशींचा असेल तर एम-सीएसएफ बाहेरून घालावंच लागतं, कारण त्या पेशी ते बनवतच नाहीत. ते न घालता ‘मॅक्रोफेज झाले नाहीत’ म्हणणं म्हणजे परीक्षा न घेताच निकाल लावणं.

एका ठिकाणी मात्र तुम्ही मला बरोबर पकडलंत. ‘पॅक्स५ एकटाच दार लावतो’ हे माझं वाक्य सैल होतं. ईबीएफ१ हा दुसरा नियंत्रकसुद्धा इतर वाटा दाबतो, पॅक्स५ नसतानाही. ते वाक्य आज दुरुस्त करतो.